अर्जेंटिनावाल्यांनो, निरोप घेतो

येत्या रविवारी रात्री आमचा ग्रुप बंद होतोय. भांडण झालं नाही, कुणी कुणाला काढलं नाही, ॲडमिनदादांनी महिनाभर आधी विषय काढला, ज्याला जे बोलायचंय ते बोलू दिलं आणि मग सगळ्यांच्या मतानं ठरलं. २००६ ला ऑर्कुटवर सुरू झालेला, मग फेसबुकवर आणि तिथनं व्हॉट्सॲपवर आलेला, अर्जेंटिनाच्या फुटबॉल टीमवर जीव असलेल्या, मराठी बोलणाऱ्या माणसांचा हा गोतावळा. ऑफिसात मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं मग दुसरा काढा की ग्रुप, त्यात काय. तिला समजवायला जमलं नाही, म्हणून इथं लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

कोल्हापूर बाहेरच्यांना मिसळ आणि तांबड्या-पांढऱ्यापुरतं माहीत असतं, फार तर कुस्ती. पण आमच्याकडं फुटबॉल केवढा आहे हे इथं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि इथला फुटबॉल म्हणजे पेठ. मंगळवार पेठेत जन्मला तर पाटाकडील नाहीतर बालगोपाल, शिवाजी पेठेत जन्मला तर शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, संध्यामठ, रविवार पेठेत दिलबहार, अशा पेठेपेठेच्या तालमी, म्हणजे मंडळं, आणि त्यांच्या टीम. तुम्हाला कुणी विचारत नाही, बारशालाच ठरलेलं असतं. शाहू स्टेडियमवर लीग सुरू झाली की पेठा पेठांत बोलणं कमी होतं, मोठ्या मॅचला पोलिस बंदोबस्त लागतो, आफ्रिकेतनं आलेले खेळाडू तालमीच्या टीममधनं खेळतात आणि महिन्याभरात गल्लीतली पोरं त्यांना नावानं हाका मारायला लागतात. आमचं घर मंगळवार पेठेतलं. बाबा, काका, आजोबा सगळे पाटाकडीलचे. मॅच असली की घरातली पुरुषमाणसं दुपारीच बाहेर पडायची आणि आम्ही पोरी माडीवर उभ्या राहून आवाजावरनं गोल कुणाचा झाला ते ओळखायचो, कारण आमच्या घरात पोरींना स्टेडियमवर पाठवायची पद्धत नव्हती. नियम असा कुणी केला नव्हता, पण ते होतं तसं होतं. मी फुटबॉलवर वाढले आणि मला फुटबॉलवर बोलायला कुणी नव्हतं. जेवताना मी काही बोलायला गेले की काका प्रेमानंच म्हणायचे, तू वाढ गं भाकरी.

अर्जेंटिना मात्र मी निवडली. वर्ल्ड कप आला की कोल्हापूर परत नव्यानं वाटलं जातं आणि तेव्हा पेठेचं काही चालत नाही, एकाच घरात एक ब्राझील, एक अर्जेंटिना, चौकाचौकांत कटआउट, आडवे झेंडे, एकमेकांपेक्षा मोठे फ्लेक्स. काकांनी ८६ चा वर्ल्ड कप दूरदर्शनवर बघितला होता आणि मॅराडोनाचं नाव ते देवाचं घ्यावं तसं घ्यायचे, माझा सख्खा भाऊ ब्राझीलचा, आणि मी काकांचं ऐकून नाही तर त्यांच्या मिडफिल्डर रिकेल्मेला बघून अर्जेंटिनाची झाले. जगातली सगळी माणसं घाईत आहेत आणि हा एकटा निवांत आहे असा खेळायचा तो. मला तो निवांतपणा लय आवडायचा.

आणि मग ३० जून २००६. बर्लिन, क्वार्टर फायनल, समोर जर्मनी, आपल्याकडं रात्रीचे साडेआठ. आयालाच्या हेडरनं आपण एक-शून्यनं पुढं. गोलकीपर आबोन्दान्झिएरीला लागलं, त्याला ७१ व्या मिनिटाला बाहेर काढावं लागलं, एक बदली तिथंच गेली. पुढच्याच मिनिटाला आपला कोच पेकरमननं रिकेल्मेला काढलं आणि कॅम्बियासोला आणलं. ७९ ला क्रेस्पोच्या जागी क्रूझ. तेव्हा तीनच बदल्या असायच्या, संपल्या. ८० व्या मिनिटाला क्लोसेनं बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइम झाला आणि एकोणीस वर्षांचा मेस्सी बाकावर बसून राहिला, कारण त्याला आत आणायची वाटच उरली नव्हती. पेनल्टीवर ४-२ नं हरलो. जर्मनीचा गोलकीपर लेमनच्या मोज्यात चिठ्ठी होती, कुठला खेळाडू कुठं मारतो त्याची, ते नंतर सगळ्या जगाला कळलं. घरात भाऊ खूश, काका रागानं झोपून गेले. मला मात्र रिकेल्मेला का काढलं यावर बोलायचं होतं. आत्ताच्या आत्ता बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत बसून ऑर्कुटवर शोधलं तर मराठीतनं अर्जेंटिनावर बोलणारी मूठभर माणसं सापडली, सगळी माझ्याएवढीच पेटलेली. मी भलीमोठी पोस्ट टाकली. रिकेल्मेला काढल्यावर बॉल धरून ठेवणारं कुणी राहिलं नाही, म्हणून जर्मनी वर आली, वगैरे वगैरे. खाली पहिलं उत्तर आलं, "भावा, एकदम बरोबर." प्रोफाइलला फोटो रिकेल्मेचा आणि बोलणं कोल्हापुरी, आम्ही पोरी इथं सर्रास मी येतो, मी बघतो असंच बोलतो, त्यामुळं बाहेरगावच्या सगळ्यांना मी कितीतरी दिवस मुलगाच वाटत होते. नंतर कळलं तेव्हा काहीजण अवघडले, ॲडमिनदादा तेवढं म्हणाले, बरं मग ताई, पुढच्या मॅचचं काय वाटतंय. बस. एवढंच. मला आयुष्यात कुणी एवढ्या साधेपणानं आत घेतलेलं नाही. फुटबॉलवर माझं म्हणणं काय आहे हे मला पहिल्यांदा त्या माणसांनी विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं, पटलं नाही तर वाद घातला, पण वाढ गं भाकरी असं कुणी म्हणालं नाही.

आमच्यात नियम थोडे होते. मेस्सी की रोनाल्डो हा विषय काढायचा नाही, त्यानं कुणाचं भलं झालेलं नाही. मॅच चालू असताना गोल व्हायच्या आधी गोल लिहायचं नाही, कारण कुणाचं प्रक्षेपण पुढं असतं कुणाचं मागं. आणि कोल्हापूरकरांसाठी खास एक, इथं तालीम आणायची नाही. हा नियम ॲडमिनदादांनी का केला ते मला फार उशिरा कळलं. ते स्वतः शिवाजी पेठेतले. "भावा, एकदम बरोबर" म्हणणारेही तेच. आमची रिकेल्मेपासनं सिमेओनेपर्यंत सगळी चर्चा होऊन गेली, एकमेकांची मतं पाठ झाली, आणि मग एकदा बोलता बोलता निघालं की एक पाटाकडीलच्या घरातली आणि एक शिवाजीचा. लीग चालू असताना आमच्या गल्लीत त्यांच्या पेठेचं नाव काढलं की चहाचा कप खाली ठेवला जायचा, आणि इकडं मी त्याच पेठेतल्या माणसाला रात्री दीड वाजता विचारत होते, दादा, मास्चेरानो सेंटर बॅकला नको ना?

माझ्या मैत्रिणीला हेच कळत नाहीये. ती म्हणते दुसरा ग्रुप. अगं, पेठ मला मिळाली, धर्म मिळाला, आडनाव मिळालं, लग्नानंतर दुसरं मिळालं. ही माणसं मी शोधली.

मिस कॉलची ड्युटी ही आमची खरी संस्था होती. दक्षिण अमेरिकेतल्या मॅचेस आपल्याकडं पहाटेच्या, तीन, साडेतीन, पाच, साडेपाच. गजर बंद करून माणूस झोपतो पण फोन वाजला की उठतो, म्हणून आदल्या दिवशी यादी लागायची, कुणी कुणाला उठवायचं त्याची. मला उठवायला विदर्भातले एक शाळामास्तर, मी इचलकरंजीच्या लूमवाल्या काकांना, ते बहुतेक वेळा लूमवर जागेच असायचे पण मिस कॉल आला की परत एक मिस कॉल द्यायचे, म्हणजे पोचला. सासरी सुरुवातीला पहाटे फोन वाजला की सासूबाई दचकून उठायच्या, कुणाचं काय झालं म्हणून. नंतर त्याच मला विचारायला लागल्या, आज हाय का गं तुझं ते?

२०१४ च्या वर्ल्ड कपची फायनल आपल्याकडं रात्री साडेबाराला होती, तेव्हा ड्युटीची गरज नव्हती, कुणीच झोपलं नव्हतं. हिग्वेननं घालवलेला चान्स, पालासिओनं घालवलेला चान्स, ११३ व्या मिनिटाला जर्मनीच्या गोट्झेचा गोल. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद झालं, आम्ही आधीच फेसबुकवर आलो होतो. २०१५ ला कोपाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या कपची, फायनल चिलीविरुद्ध पेनल्टीवर गेली. २०१६ ला परत चिली, परत फायनल, परत शून्य-शून्य, परत पेनल्टी. २७ जूनची सकाळ, साडेपाचला सुरू झालेली मॅच संपेपर्यंत बाहेर शाळेच्या रिक्षा लागल्या होत्या. चिलीची पहिली पेनल्टी आपला गोलकीपर रोमेरोनं अडवली होती, म्हणजे पारडं आपल्याकडं होतं, आणि मग मेस्सीनं बॉल बारवरनं मारला. थोड्या वेळानं बातमी आली की तो म्हणतोय, राष्ट्रीय टीम माझ्यासाठी संपली.

त्या दिवशी ग्रुपवर जे झालं ते मला कायम लक्षात राहील. इतर ठिकाणी शिव्या चालल्या होत्या, पळपुटा वगैरे. आमच्यात लूमवाल्या काकांनी लिहिलं, "पोरगं थकलंय. घरी जाऊ द्या त्याला. आपण हाय इथंच." काका आठवी शिकलेले. जगभर त्या दिवशी जेवढं लिहिलं गेलं त्यात यापेक्षा शहाणं काही असेल असं मला वाटत नाही. त्याच संध्याकाळी एकानं खाली लिहिलं की त्याची नोकरी गेलीय, दोन महिने झालेत, घरी सांगितलेलं नाही. मग दुसऱ्या एकीनं तिच्या ट्रीटमेंटचं लिहिलं. मेस्सीचं निमित्त झालं आणि माणसं बोलायला लागली. ऑगस्टमध्ये मेस्सी परत आला, नोकरीवाल्यालाही पुढं पुण्यात काम मिळालं, ते ग्रुपमधल्याच एकाच्या ओळखीनं.

लोकांना २०२२ ऐकायचं असतं, पण मला विचाराल तर आमची सगळ्यात मोठी सकाळ ११ ऑक्टोबर २०१७ ची. इक्वेडोरमध्ये कीटो, समुद्रसपाटीपासनं जवळजवळ २८५० मीटर वर, जिथं पाहुण्या टीमला श्वास पुरत नाही. जिंकलो नाही तर वर्ल्ड कपला मुकायची वेळ. पहाटे पाचला मॅच सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटात इक्वेडोरनं गोल मारला. दिवाळी आठवड्यावर आलेली, आमच्या घरात रात्रीच भाजणी भाजून ठेवलेली, तो वास घरभर, आणि मी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून उभी. मास्तरांनी लिहिलं, अजून ८९ मिनिटं आहेत. मग मेस्सीनं एक मारला, दुसरा मारला, आणि दुसऱ्या हाफमध्ये तिसरा, गोलकीपरच्या डोक्यावरनं. तीन-एक. तिसऱ्या गोलनंतर कुणी धड शब्द लिहिलाच नाही, नुसती अक्षरं, आाााा, ईईई, एकानं तर नुसता आपला पिनकोड लिहिला, का ते त्यालाही सांगता आलं नाही. कुठलाही कप मिळाला नव्हता. फक्त बाहेर पडलो नव्हतो.

२०१९ च्या ऑगस्टचं लिहायलाच पाहिजे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, सगळीकडं पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद, गाव तुटलेलं. आमच्यातल्या एकाची आई शाहूपुरीत एकटी आणि तो दुबईत. त्यानं ग्रुपवर लिहिलं, आणि तासाभरात ॲडमिनदादा आणखी दोघांना घेऊन निघाले, बोटीतनं त्या माउलीला काढून स्वतःच्या घरी शिवाजी पेठेत नेलं. पाणी उतरेपर्यंत ती तिथंच होती. त्याआधी दादांनी आणि दुबईवाल्यानं एकमेकांना कधी बघितलेलं नव्हतं, आठ-नऊ वर्षांची ओळख होती ती डिमारिया डावीकडनं खेळावा की उजवीकडनं यावरची. पुण्यातनं औषधं आणि पाण्याचे बॉक्स गोळा करून ट्रक तयार ठेवणारा गडी तर ब्राझीलवाला. हो, आमच्यात एक ब्राझीलवाला होता, पहिल्यापासनं, कुणी काढलं नाही आणि तोही गेला नाही. हायवे उघडल्यावर ट्रक आला तेव्हा वरती पिवळा झेंडा लावलेला, आणि आमच्या पोरांनी त्याच्यासोबत फोटो काढले.

पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला मॅराडोना गेला. काकांना मी फोन करून सांगितलं, ते बराच वेळ ८६ च्या इंग्लंडच्या मॅचबद्दलच बोलत राहिले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी ११ जुलै, पहाटे साडेपाच, मारकाना स्टेडियम, कोपाची फायनल, समोर ब्राझील. २२ व्या मिनिटाला डिपॉलचा लांब पास, डिमारियानं बॉल वरनं टाकला. एक-शून्य. १९९३ नंतर पहिला कप, २८ वर्षांनी. शेवटची शिट्टी वाजल्यावर ग्रुपवर पहिला मेसेज कुणाचा असेल? ब्राझीलवाल्याचा. "अभिनंदन मंडळी. मेस्सीसाठी मनापासून आनंद झाला. आता मला दोन दिवस सोडा."

२०२२ वर सगळं जग लिहून मोकळं झालंय, मी थोडंच लिहिते. सौदीकडनं हरलो त्या दुपारी आम्ही जुनी माणसं सगळ्यात शांत होतो, कारण हरण्याची आम्हाला सवय होती, नवीन आलेल्यांना आम्ही धीर देत होतो. फायनलला १८ डिसेंबरला रात्री आपला गोलकीपर मार्टिनेझनं शेवटच्या मिनिटांत फ्रान्सच्या कोलो मुआनीचा बॉल पायानं अडवला तेव्हा माझी पोरगी माझ्या मांडीवर होती आणि ती मला विचारत होती, आई तू का रडतीस, अजून संपलं नाही. मोंतिएलनं शेवटची पेनल्टी मारल्यावर मी पोरीला उचलून मिरजकर तिकटीच्या चौकात गेले. गर्दीत, रात्री. सासूबाईच म्हणाल्या, जा की मग. तिथं फटाक्यांच्या धुरात एक उंच माणूस समोर आला आणि म्हणाला, ताई, रिकेल्मेला का काढलं असेल हो? ॲडमिनदादा. पुराच्या वेळी फोनवर बोललो होतो, पण समोरासमोर भेट ती पहिली. मी काही बोलू शकले नाही.

त्यानंतर ग्रुप हळूहळू विरळ झाला, आणि यात कुणाची चूक नाही. आमचं जे एकत्र येणं होतं ते काळजीपायी होतं. आज तरी होईल का, याचं काही होईल का, ह्या एका प्रश्नाभोवती आम्ही इतकी वर्षं बसलो होतो आणि त्याचं उत्तर मिळालं, तेही पूर्ण. २०२४ ला कोपा परत जिंकली, लाउतारोनं एक्स्ट्रा टाइममध्ये मारला, डिमारियानं टीमचा निरोप घेतला, तेव्हा सकाळी ग्रुपवर मोजकीच माणसं होती. मिस कॉलची यादी कुणी लावली नव्हती. मला मास्तरांचा मिस कॉल आला, सवयीनं, आणि मी लूमवाल्या काकांना दिला, आणि त्यांचा परत आला.

काहीजणांचं म्हणणं होतं, राहू दे की तसाच, पडून राहील, काय खातोय. मी त्याच्या विरुद्ध बोलले आणि ते मला जड गेलं. तालीम बंद होत नाही, कारण तिथं दर वर्षी नवी पोरं जन्माला येतात, आजोबा जातात आणि नातू त्या जागेवर बसतो. आमच्यात कुणी जन्माला येत नव्हतं. आजची पोरं आपापल्या ठिकाणी आहेत, त्यांची त्यांची माणसं शोधतायत, शोधू देत. पण आमचा ग्रुप शुभ सकाळ आणि फॉरवर्डचं कोठार होऊन पडावा हे मला बघवलं नसतं. एकत्र यायचं आपण ठरवलं होतं, तर थांबायचंही आपणच ठरवू, नीट बसून, सगळ्यांना नमस्कार करून. ॲडमिनदादांनाही तेच वाटत होतं, त्यांनी फक्त कुणीतरी म्हणायची वाट बघितली.

दुबईवाल्यानं सगळे जुने मेसेज उतरवून घेतलेत, फेसबुकच्या काळातलेही. मास्तर त्यातनं कीटोची सकाळ वेगळी काढतायत, प्रिंट करून ज्याला पाहिजे त्याला पोस्टानं पाठवणार, पत्ते शनिवारपर्यंत त्यांना द्या. लूमवाल्या काकांना मोठ्या अक्षरात पाहिजे, त्यांना आता बारीक दिसत नाही, मास्तर, तेवढं बघा. काका, पहाटेची मॅच असली तर मी मिस कॉल देणार, ग्रुप असो नसो. ब्राझीलवाल्या भावा, तुझा वर्ल्ड कप २००२ पासनं राहिलाय, तो आला की पहिला मेसेज माझा. ट्रीटमेंटवाल्या ताई, तुमच्या रिपोर्टचं मला वेगळं कळवत जा.

आणि दादा, यंदा लीग सुरू झाली की मी पोरीला घेऊन शाहू स्टेडियमवर येणार आहे. घरच्या काकांना सांगून झालंय, ते म्हणाले जागा धरतो. तुम्ही तुमच्या पेठेच्या बाजूला बसा, आम्ही आमच्या. पाटाकडीलनं गोल मारला तर मी तिथनंच फोन करणार, उचला.